पाळीव दाढीवाल्या सरड्याच्या पिलांतील अग्निमांद्य

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रूक्ष व अर्धरूक्ष प्रदेशांत राहणारा 'बिअर्डेड ड्रॅगन' अर्थात दाढीवाला सरडा आज अनेक देशांत पाळीव प्राणी म्हणून प्रसार पावला आहे. पोगोना व्हिटिसेप्स हे त्याचे शास्त्रीय नाव असून आल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १९२६ साली या जातीचे वर्णन केले. आपल्याकडील बागेत दिसणारा सरडा ज्या अगॅमिडी कुलात मोडतो त्याच कुलातील हा प्राणी होय. तो दिवसा वावरणारा, स्वभावाने शांत आणि माणसाच्या हाताळण्यास लवकर सरावणारा असल्यामुळे सरपटणारे प्राणी पाळण्यास नव्याने प्रारंभ करणारा मनुष्य पुष्कळदा याच्याकडे वळतो. आणि पहिल्या काही आठवड्यांत त्याची जी तक्रार ऐकू येते ती प्रायः एकच असते. पिलू खात नाही.

अशा वेळी पाळणारा बहुधा अन्न बदलून पाहतो. रातकिडे खात नाही म्हणून अळ्या, अळ्या खात नाही म्हणून फळे, आणि शेवटी तोंड उघडून भरविणे, असा हा क्रम चालतो. त्यात जे दिवस जातात ते पिलाला परवडणारे नसतात. अंड्यातून बाहेर पडताना त्याचे वजन दोन-तीन ग्रॅमच असते. पुढील काही महिन्यांत ते अतिशय वेगाने वाढावयाचे असते आणि प्रौढाप्रमाणे मेदाचा साठा त्याच्यापाशी नसतो. म्हणून कारणांचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा हा येथे केवळ पद्धतीचा प्रश्न राहत नाही.

भूक मंदावण्याला आपल्या वैद्यकात अग्निमांद्य असा शब्द आहे. मनुष्याच्या बाबतीत त्यातील 'अग्नि' शरीराच्या आत कल्पिलेला आहे. सरड्याच्या बाबतीत तो अक्षरशः बाहेर असतो. या प्राण्यांना 'शीत रक्ताचे' म्हणण्याची रूढी दिशाभूल करणारी आहे. उन्हात बसलेल्या दाढीवाल्या सरड्याच्या शरीराचे उष्णतामान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे मनुष्याच्या रक्ताहून फारसे कमी नसते. फरक इतकाच की ही उष्णता तो स्वतः निर्माण करीत नाही. ऊन आणि सावली यांच्यामध्ये ये-जा करून तो ती मिळवितो व राखतो. पाचक रसांची क्रिया, आतड्यांची हालचाल आणि शिकारीमागे धावण्याची शक्ती ही सर्व त्या उष्णतामानावर अवलंबून असतात. शरीर पुरेसे तापले नाही तर भूक लागत नाही, आणि तशा स्थितीत बळेच घातलेले अन्न पचण्याऐवजी पोटात कुजू लागते. या जातीवर उष्णतामानाची सत्ता किती दूरवर चालते हे २०१५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांवरून कळते. अंडी सुमारे ३२ अंशांहून अधिक उष्णतेत उबविली गेल्यास गुणसूत्रांनी नर असलेले गर्भ मादी म्हणून जन्मास येतात. जेथे लिंगदेखील उष्णतेने पालटते तेथे भुकेची कथा काय!

तेव्हा न खाणाऱ्या पिलाची तपासणी अन्नपात्रापासून नव्हे तर उष्णतामापकापासून सुरू व्हावी. पेटीच्या एका टोकाला ऊन खाण्याची जागा असावी व तिच्या पृष्ठभागाचे उष्णतामान पिलांसाठी ३८ ते ४२ अंश असावे. दुसरे टोक २५ अंशांच्या जवळपास राहावे. दोन्ही टोके सारखीच तापलेली असतील तर पिलाला निवडच उरत नाही, आणि अतिउष्णतेनेही भूक जाते. रात्री दिवे बंद असावेत व उष्णतामान २० अंशांच्या फारसे खाली जाऊ नये. पुण्यासारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीतील रात्री याहून पुष्कळ थंड असतात हे लक्षात घेतले पाहिजे. मापन कोठे केले जाते यालाही महत्त्व आहे. पेटीच्या काचेवर चिकटविलेली पट्टी काचेचे उष्णतामान सांगते, सरडा ज्या दगडावर बसतो त्या दगडाचे नव्हे. तारेच्या टोकाला संवेदक असलेला अथवा अवरक्त किरणांवर चालणारा मापक वापरून प्रत्यक्ष बसण्याची जागाच मोजावी. आतून विजेने तापणारे कृत्रिम दगड मात्र टाळावेत, कारण त्यांनी पोट भाजण्याचा धोका असतो.

उष्णतेनंतरचा प्रश्न प्रकाशाचा. २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार अथवा अतिनील किरण त्वचेवर पडले म्हणजे तेथील ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉलपासून ड-३ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप बनते. या पूर्वरूपाचे जीवनसत्त्वात रूपांतर होण्यास पुन्हा उष्णता लागते. अर्थात दिवा उत्तम असूनही थंड राहिलेल्या पिलाला त्याचा पुरता लाभ मिळत नाही. ड जीवनसत्त्वावाचून आतड्यांतून कॅल्शियमचे शोषण खुंटते. मग शरीर ते हाडांतून काढू लागते, जबडा मऊ पडतो, बोटांना कंप सुटतो, आतड्यांची हालचाल मंदावते. असे पिलू कीटकाकडे पाहते, क्वचित झेपही घेते, पण चावता न आल्याने सोडून देते. ही 'आवडनिवड' नसून व्याधी असते. नेदरलंड्समधील संशोधकांनी २०१० साली याच जातीच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत तोंडावाटे दिलेले जीवनसत्त्व जंबुपार प्रकाशाची बरोबरी करू शकले नाही. म्हणून भुकटीच्या भरवशावर दिव्याची काटकसर करणे चुकीचे ठरते. पेटीच्या लांबीच्या निम्म्याहून अधिक भाग व्यापणारी जंबुपार नलिका दिवसाकाठी बारा तासांच्या आसपास लावावी. खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा या कामी उपयोग नाही, कारण साधी काच हे किरण अडविते. नलिका जुनी झाली की दृश्य प्रकाश तसाच दिसतो परंतु जंबुपार अंश घटतो. तेव्हा डोळ्यांच्या साक्षीवर विसंबून न राहता ती निर्मात्याने दिलेल्या मुदतीत बदलावी.

अन्नाचा विचार यानंतर करावा. पिलांचा आहार मुख्यतः कीटकांचा असतो. पाल्याचे प्रमाण वयाबरोबर वाढत जाते. दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटांत खाल्ले जातील इतके कीटक द्यावेत, आणि कोणताही कीटक पिलाच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा. उरलेले रातकिडे पेटीत ठेवू नयेत. रात्री ते झोपलेल्या पिलालाच चावतात. रातकिड्यांत फॉस्फरसचे प्रमाण कॅल्शियमच्या कित्येक पट असल्याने त्यांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरणे आवश्यक असते. पाल्यामध्ये मोहरीचा पाला चालतो, किसलेला तांबडा भोपळाही चालतो; पालकातील ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवीत असल्यामुळे तो नेहमी देऊ नये. बाहेरून पकडलेले कीटक तर देऊच नयेत. अमेरिकेत पाळलेले दाढीवाले सरडे काजवे खाऊन मृत्यू पावल्याची नोंद १९९९ साली प्रसिद्ध झाली. त्या काजव्यांत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात, आणि ज्या भूमीत हा सरडा उत्क्रांत झाला तेथे त्या काजव्यांशी त्याचा कधी संबंधच आला नव्हता; त्यामुळे ते टाळण्याची उपजत बुद्धी त्याच्या ठिकाणी नाही.

नव्या जागेत आणलेले पिलू काही दिवस कमी खाते, तसेच कात टाकतानाही. या दोहोंना फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही. त्या काळात हाताळणे थांबविले तरी पुरे. याउलट दोन पिले एकत्र ठेवण्याची हौस मात्र महाग पडते. त्यांतील प्रबळ पिलू उन्हाची जागा बळकावते आणि दुसऱ्याची दुहेरी उपासमार होते, उष्णतेची आणि अन्नाची. एकावर एक बसलेली पिले पाहून पाळणाऱ्याला त्यांत स्नेह दिसतो. वस्तुतः ती उन्हासाठी चाललेली चढाओढ असते. दुर्बल पिलू पुढचा पाय हवेत हळूहळू फिरविते, ती शरणागतीची खूण होय.

उष्णता, प्रकाश व एकांत यांची व्यवस्था नीट असूनही पिलू खात नसेल तर परोपजीवींचा संशय घ्यावा. आयसोस्पोरा अँफिबोल्युरी हा आदिजीव या सरड्यांच्या आतड्यांत वारंवार आढळतो, आणि पिलांमध्ये अतिसार व कृशता निर्माण करतो. अगॅमिड कुलातील ॲडेनोव्हायरसचा संसर्गही पिलांना मारक ठरू शकतो. येथे घरगुती उपाय थांबतात. 'हिवाळा आहे, शीतनिद्रेत गेले असेल' असे समाधान करून घेणे विशेष धोक्याचे आहे, कारण तशी विश्रांती प्रौढांत दिसते. पहिल्या वर्षातील कृश पिलाला ती लागू करता येत नाही.

प्रत्यक्ष उपचाराचा क्रम असा असावा: प्रथम ऊब, नंतर पाणी, सर्वांत शेवटी अन्न. नाकपुडीजवळ सोडलेले थेंब पिलू चाटून घेते. कोमट व उथळ पाण्यात थोडा वेळ ठेवण्याचा लाभ आहे तो पिलू त्या वेळी पाणी पिते म्हणून. रोज सकाळी एकाच वेळी ग्रॅममध्ये वजन करून लिहून ठेवावे. आकडा सतत उतरत असेल, डोळे खोल गेले असतील किंवा अंगाला कंप असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे विलंब न करता न्यावे. जाताना ताजी विष्ठा, वजनाची नोंद आणि पेटीच्या दोन्ही टोकांची मोजलेली उष्णतामाने बरोबर असावीत; निदानाचे निम्मे काम पुष्कळदा या नोंदींवरच होते. हे सरडे निरोगी दिसत असतानाही साल्मोनेला जंतू बाळगू शकतात. म्हणून पिलू, पेटी वा विष्ठा हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि पेटीतील भांडी स्वयंपाकघरात घासू नयेत.