सात वाजताचा भोंगा आणि तुमचा संशोधन प्रश्न

शिक्षणशास्त्रात पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक शीर्षक हमखास दिसतं: 'माध्यमिक स्तरावरील विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर ऑनलाइन व मिश्र अध्ययनाचा होणारा परिणाम'. शीर्षक दिसायला चांगलं आहे. पण मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, "परिणाम नेमका कशाचा?" आणि इथेच बरेच जण अडकतात. आज हा प्रश्न सातारा-सांगलीच्या दोन उदाहरणांवरून सोडवून बघू.

पहिलं उदाहरण सातारा जिल्ह्यातलं. लॉकडाऊनमध्ये माण तालुक्यातल्या विजयनगरच्या जिल्हा परिषद शाळेत साध्या फोनवरच्या कॉन्फरन्स कॉलने शिकवलं गेलं. ना स्मार्टफोन, ना इंटरनेट. शिक्षक बोलणार, मुलं ऐकणार आणि उत्तरं देणार.

दुसरं सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचं. ऑनलाइन वर्गांच्या काळात मुलांच्या हातात आलेला मोबाइल शाळा सुरू झाल्यावरही सुटेना. मग ऑगस्ट २०२२ पासून गावात रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद आणि मुलांनी अभ्यासाला बसायचं.

एकीकडे फोनमुळे शिक्षण चालू राहिलं, दुसरीकडे अभ्यासासाठी फोन बंद करावा लागला. मग 'मोबाइलचा परिणाम' चांगला म्हणायचा की वाईट? प्रश्नच चुकीचा आहे. मोबाइल हा एक चल नाही, त्याच्या पोटात चार-पाच चलं दडलेली आहेत. ती आधी सुटी करा.

१) उपलब्धता. 'असर २०२१' च्या देशपातळीवरच्या ग्रामीण सर्वेक्षणात शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण त्यातल्या २६.१ टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. हिशोब करा: १०० पैकी साधारण ६८ घरांत फोन, त्यातल्या १८ मुलांच्या हाती तो पडत नाही, उरली ५०. तुमच्या प्रश्नावलीत 'घरी स्मार्टफोन आहे का?' एवढंच विचारलं असेल, तर ही १८ मुलं चुकीच्या रकान्यात जातील.

२) वेळ. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१० मध्ये अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. त्यात निव्वळ वर्गातल्या शिकवण्यापेक्षा मिश्र पद्धत सरस दिसली. हे वाक्य सगळे उद्धृत करतात. पण त्याच अहवालात असंही म्हटलंय की मिश्र गटांना बऱ्याचदा जास्त वेळ आणि जादा साहित्य मिळालं होतं, त्यामुळे श्रेय माध्यमाला देता येत नाही. शिवाय शालेय स्तरावरचे अभ्यास त्यात फक्त पाच होते.

३) संवाद. बोट्सवानात सुमारे ४,५०० कुटुंबांवर प्रयोग झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना फक्त एसएमएसवर गणितं पाठवली, काहींना एसएमएससोबत दर आठवड्याला शिक्षकाचा फोनही केला. फोन गेलेल्या मुलांचं गणित सुधारलं, नुसत्या एसएमएसने ठोस फरक पडला नाही. यंत्र तेच, फरक पलीकडे बोलणाऱ्या माणसाचा. विजयनगरचा कॉन्फरन्स कॉल या नजरेने बघा.

आता वडगाववर अभ्यास करायचा ठरवलात तर? 'भोंग्याआधीचे गुण आणि नंतरचे गुण' अशी तुलना करायचा मोह होईल. थांबा. जून २०२२ पासून शाळाही नियमित भरत होत्या. गुण वाढले तर ते भोंग्याने की शाळेने? आमच्या प्रयोगशाळेत ब्लँक घेतल्याशिवाय रीडिंगला किंमत नसते. इथे तुमचं ब्लँक म्हणजे भोंगा नसलेलं शेजारचं गाव: शाळा तशीच, शेती-पाणी तसंच. दोन्हीकडचा आधीचा आणि नंतरचा फरक काढायचा आणि त्या दोन फरकांमधला फरक बघायचा. आधीच्या नोंदी मिळत नसतील तर परिणामाचा दावा सोडा. पालक आणि मुलांच्या मुलाखती घेऊन 'त्या दीड तासात घरात काय होतं?' हा गुणात्मक प्रश्न घ्या. तोही पीएच.डी.च्या तोडीचाच आहे.

नमुना निवडतानाही जपून. 'सातारा जिल्हा' किंवा 'सांगली जिल्हा' म्हणून एकच सरासरी काढू नका. कराड-वाळव्याचा बागायती पट्टा आणि माण-जतचा दुष्काळी पट्टा एका मापाने मोजता येत नाही. आणि कारखान्यांच्या हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांची मुलं? स्थानिक शाळेच्या हजेरीपटावरून नमुना काढलात तर ती बऱ्याचदा तुमच्या अभ्यासात येणारच नाहीत. ज्यांचं शिक्षण सगळ्यात जास्त तुटतं, नेमकी तीच गायब.

याचा धोरणाशी थेट संबंध आहे. २९ जुलै २०२० ला मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचं २४ वं प्रकरण ऑनलाइन शिक्षणावर आहे. डिजिटल दरी मिटल्याशिवाय याचा खरा फायदा होणार नाही, समोरासमोरच्या शिकण्याचं महत्त्व कायम आहे, आणि मिश्र पद्धतीची योग्य प्रारूपं शोधली पाहिजेत, असं ते म्हणतं. त्यासाठी प्रायोगिक अभ्यासही सुचवले आहेत. ते अभ्यास कोणीतरी करायचे आहेत, आणि ढोबळ अभ्यासावर निर्णय झाला तर शाळेत टॅब्लेट येतात, फोन करणारा शिक्षक मात्र मोजलाच जात नाही.

म्हणून गाईडकडे जाण्याआधी कागदावर चार ओळी लिहा: कोणती मुलं? नेमकी कोणती कृती, किती वेळ? कोणाशी तुलना? काय मोजणार? उदाहरणार्थ: 'माण तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांतल्या चौथीच्या मुलांना आठवड्यातून एकदा शिक्षकाचा वीस मिनिटांचा फोन गेला, तर फक्त व्हॉट्सअॅपवर स्वाध्याय मिळणाऱ्या मुलांच्या तुलनेत त्यांचं भागाकाराचं कौशल्य किती बदलतं?' शीर्षक लांबलचक झालं तरी चालेल, ते नंतर कापता येतं. चारपैकी एकही ओळ रिकामी राहिली, तर अजून वाचन बाकी आहे असं समजा.