असं का होतं? : चालू होताच बंद पडणारा पीसी

बटण दाबलं, पंखा गरगरला, दिवा लागला आणि लगेच सगळं गप्प. दुकानात न्यायच्या आधी एकच पाहा, पीसी किती वेळ तग धरतो?

क्षणात बंद पडत असेल तर पहिला संशय पॉवर सप्लायवर. ही पत्र्याची पेटी भिंतीतल्या 230 व्होल्टचे 12, 5 आणि 3.3 व्होल्ट करते. आत कुठे शॉर्ट झालं, की घरातल्या एमसीबीसारखी ती स्वतःच पुरवठा तोडते. मदरबोर्डखाली अडकलेला एक सुटा स्क्रूही त्याला पुरतो.

दर वेळी बरोब्बर चारेक सेकंदांनी? मग बटणच आत रुतलेलं असेल. ते तेवढा वेळ दाबून धरलं की मशीन सक्तीनं बंद होतं, अशी सोयच असते. बिचारा मदरबोर्ड हुकूम पाळतो.

मिनिटभर चालून बंद पडला तर प्रोसेसर तापतोय. 100 अंश सेल्सिअसच्या आसपास तो जळण्याआधीच काम थांबवतो. हीटसिंकची एखादी खिट्टी निसटलेली असते, नाहीतर खालची थर्मल पेस्ट वाळलेली. जुनी पुसून नवा छोटा ठिपका लावला की झालं.

पॉवर सप्लायची पेटी मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये जबर झटका देण्याइतकी वीज उरलेली असू शकते.