सेगमेंटेशन फॉल्ट आला, आता पुढे काय? जीडीबीशी पहिली ओळख

सी किंवा सी++ मधला प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर एवढंच उमटलं: 'सेगमेंटेशन फॉल्ट'. कुठल्या ओळीत, का, काहीच नाही. पायथन निदान ओळीचा क्रमांक तरी सांगतो. मग इथे का नाही? कारण कंपायलरने प्रोग्राम यंत्रभाषेत उतरवला की प्रोसेसरच्या लेखी ओळी आणि नावं उरत नाहीत; उरतात फक्त पत्ते आणि आकडे. आपल्या नसलेल्या पत्त्याला हात लावला की ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्राम बंद पाडते.

अशा वेळी बहुतेक जण जागोजागी 'प्रिंटएफ' पेरतात. पण त्यात एक फसगत आहे. त्याचा मजकूर आधी बफरमध्ये साठतो. आउटपुट फाइलमध्ये जात असेल, किंवा मजकुराच्या शेवटी नवी ओळ नसेल, तर क्रॅश होताना तो बाहेर न पडताच नाहीसा होऊ शकतो. मग आपण भलत्याच जागी शोधत बसतो.

यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे जीडीबी, अर्थात ग्नू डीबगर. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ मध्ये अमेरिकेत ग्नू प्रकल्पासाठी लिहिला. तो आजही मोफत आहे आणि लिनक्सवर सर्रास वापरला जातो.

पहिली पायरी कंपाइल करतानाची. जीसीसीला '-जी' हा पर्याय द्या. मग कोणती सूचना मूळ कोडच्या कुठल्या ओळीची आणि कोणतं व्हेरिएबल कुठे ठेवलंय, याचा नकाशा प्रोग्रामसोबत जातो. ऑप्टिमायझेशन सध्या बंद ठेवा, नाहीतर काही व्हेरिएबल्सची किंमत दिसणारच नाही.

समजा, आपला प्रोग्राम फाइलमधले आकडे वाचून सरासरी काढतो. 'एफओपन'ने फाइल उघडायची, 'एफस्कॅनएफ'ने वाचायचं. टर्मिनलमध्ये 'जीडीबी' आणि पुढे प्रोग्रामचं नाव लिहा, मग या आज्ञा द्या (टाइप अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत करायच्या):

• रन: प्रोग्राम सुरू होतो आणि क्रॅशच्या जागी थांबतो.
• बॅकट्रेस: कोणी कोणाला बोलावलं त्याची साखळी दिसते. वरच्या ओळी सी लायब्ररीतल्या, खाली आपलं 'मेन'.
• अप: साखळीत एक पायरी मागे. आपलं फंक्शन येईपर्यंत हीच आज्ञा द्या.
• प्रिंट: पुढे फाइल पॉइंटरचं नाव लिहा. उत्तर येतं: शून्य.

उलगडा झाला! फाइल सापडलीच नव्हती, 'एफओपन'ने शून्य परत केलं आणि आपण ते तपासलं नाही. क्रॅश झाला लायब्ररीत, दोष मात्र आपल्या कोडमध्ये, काही ओळी आधी. प्रोग्राम जिथे कोसळतो तिथेच चूक असते असं नाही, हे लक्षात ठेवलं तर बरेच तास वाचतात.

क्रॅश होत नाही, पण उत्तर चुकतं? मग 'ब्रेक' आणि ओळीचा क्रमांक द्या, 'रन' करा. त्या ओळीपाशी प्रोग्राम थांबेल. 'नेक्स्ट'ने एकेक ओळ पुढे जा, 'स्टेप'ने फंक्शनच्या आत शिरा, 'कंटिन्यू'ने पुढे सोडा. 'वॉच' तर एखाद्या व्हेरिएबलची किंमत बदलली की लगेच थांबवतो.

हे थांबवणं होतं कसं? इंटेल-एएमडी प्रोसेसरवर जीडीबी त्या जागच्या सूचनेचा पहिला बाइट बाजूला ठेवतो आणि तिथे २०४ ही किंमत लिहितो. ती 'थांब' अशी खास सूचना आहे. प्रोसेसर तिथे पोहोचला की ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्राम रोखून जीडीबीला कळवते. पुढे जाताना मूळ बाइट जागेवर ठेवला जातो.

मॅकवर एक्सकोडसोबत एलएलडीबी मिळतो; वरच्यापैकी रन, अप, प्रिंट, नेक्स्ट, स्टेप, कंटिन्यू तिथेही चालतात आणि बॅकट्रेससाठी 'बीटी' पुरतं. पुढचा प्रोग्राम कोसळेल तेव्हा प्रिंटएफ पेरण्याआधी एकदा बॅकट्रेस बघा.