दुप्पट ओव्हरटाइम गोऱ्यांनी लादलेला नाही

‘आचारसंहिता वगैरे सगळी बायरची नाटकं. तिकडचे नियम कडक, आपल्याला पेलत नाहीत.’ सोलापुरात टॉवेलच्या निर्यातीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर पडतं आणि दर वेळी तेवढाच संताप येतो.

कागदच बघू. ब्रिटनमधल्या अनेक मोठ्या दुकानांचे पुरवठादार ‘एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्ह’ची संहिता पाळतात. तिच्यात आठवड्याचे नेहमीचे तास जास्तीत जास्त ४८ आणि जादा कामाला किमान सव्वापट मजुरीची शिफारस आहे. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही तास ४८च होते. पण कलम ५९ प्रमाणे जादा कामाची मजुरी दुप्पट होती! त्याची जागा घेणाऱ्या नव्या कामगार संहितेतही दुप्पटच. तासाला ६० रुपये मिळवणाऱ्याला ब्रिटिश शिफारशीने ७५ मिळतील, आपल्या कायद्याने १२०. शिवाय कायदा आणि संहिता यांपैकी कामगाराच्या जास्त हिताचं असेल ते लागू करा, असं ती ब्रिटिश संहिताच सांगते. म्हणजे बायरचा ऑडिटर दुप्पट मागतो तेव्हा आपलाच कायदा आपल्याला वाचून दाखवतो. परवडत नसेल तर तसं सांगा, त्यावर बोलता येईल. लंडनच्या नावावर बिल फाडू नका.

‘मालकाने गिरणी कशी चालवावी हा त्याचा प्रश्न,’ हेही ऐकतो. आपली सोलापूरची ‘जुनी मिल’ १९४९ मध्ये बंद पडली, तेव्हा गैरव्यवस्थापन, हेळसांड आणि बेकारी ही कारणं देऊन केंद्राने १९५० मध्ये तिचा कारभार हाती घेतला. एका भागधारकाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी फेटाळली. दुसऱ्या खटल्यात १९५३ मध्ये सरकार हरलं. हा वाद सोलापूरने देशाला दिला, कुठल्या बायरने नव्हे.

‘अमेरिकी कंपनीची संहिता जगभर जशीच्या तशी चालते’: नाही. कर्मचाऱ्यांच्या प्रेमसंबंधांवर बंधन घालणारं वॉलमार्टचं कलम जर्मन न्यायालयाने २००५ मध्ये अडवलं.

‘लाच घेणाराच गुन्हेगार’: आपल्याकडे २०१८ पासून देणाराही थेट गुन्हेगार. जबरदस्तीने द्यावी लागली, तर सात दिवसांत तक्रार करावी लागते. नेहमीचं सरकारी काम लवकर व्हावं म्हणून दिलेल्या किरकोळ पैशाला अमेरिकेचा १९७७ चा कायदा सूट देतो, ब्रिटनचा २०१० चा देत नाही.

‘संहिता भिंतीवर लावली की झालं’: अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी ती बघितली. इंग्रजीत, लॅमिनेट केलेली, वर सुताची धूळ. खाली टॉवेलला शिवण मारणाऱ्या बाई तेलुगू बोलणाऱ्या. विचारलं, ‘अक्का, काय लिहिलंय यात?’ मशीन न थांबवता म्हणाल्या, ‘तपासणीवाले यायचे असले की लावतात.’ कायद्याने लावायची प्रत्येक सूचना बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेतही हवी, हे १९४८ च्याच कायद्यात होतं. कलम १०८.