हा भुसा कुणी सांडला?

भोर किंवा वेल्ह्याकडच्या एखाद्या वाडीत जुना रायवळ आंबा असेल, तर त्याच्या बुंध्याशी उकिडवं बसा आणि जमिनीकडे बघा. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण म्हातारी माणसं अजून वेल्हेच म्हणतात.) मुळांजवळ लाकडाचा भुसा पडलाय का? करवत तर कुणीच चालवलेली नाही! आता नजर वर न्या. खोडाला एक भोक दिसेल. त्यातून ओलसर भुसा बाहेर येतोय, शेजारी डिंक ओघळलाय. म्हणजे आत कुणीतरी जेवायला बसलंय.

त्या जेवणाऱ्याला आपल्याकडे भिरूड म्हणतात.

भिरुडीचा भुंगा चांगला अंगठ्याएवढा असतो. रंग राखाडी, मानेजवळ दोन नारिंगी ठिपके आणि मिशा एवढ्या लांब की अंगापेक्षाही मोठ्या. पाऊस सुरू झाला की तो खोडातून बाहेर पडतो आणि रात्री अंगणातल्या दिव्यावरही येतो. मादी सालीला चीर पाडून त्यात तांदळाच्या दाण्याएवढं अंडं घालते. अंड्यातून निघते अळी. पांढरट, जाडजूड, बिनपायांची. पाय नसले तरी तिचं काही अडत नाही, कारण जबडा भलता बळकट असतो. लाकूड कुरतडत ती पुढे सरकते आणि मागे राहतो तो बोगदा. अनेक महिने हेच चालतं. तोवर ती बोटभर लांब होते, आतच कोष करते आणि भुंगा होऊन बाहेर येते. झाडाच्या अंगात पाणी आणि अन्न वाहून नेणारे रस्ते असतात. बोगद्यांनी ते तुटले की आधी एखादी फांदी वाळते, मग कधी कधी अख्खं झाड.

बागायतदार काय करतात, माहीत आहे? टोकाला वाकवलेली तार भोकात घालून अळीला ओढून बाहेर काढतात. तार पोचली नाही तर रॉकेलचा बोळा आत सरकवून वरून चिखलाने भोक लिंपतात. हे काम मोठ्यांचं. तुमचं काम त्याहून महत्त्वाचं आहे. भुसा सर्वांत आधी तुम्हाला दिसायला हवा, कारण अळी लहान असतानाच झाड वाचवणं सोपं असतं.

आता माझा आवडता प्रश्न. भिरूड इथे फार जुनी आहे, आंबाही फार जुना. मग सगळे आंबे कधीच संपले कसे नाहीत? कारण दोघं बरोबरच वाढलीत. धडधाकट झाडाच्या डिंकात अळी अडकते, मुंग्या आणि सुतार पक्षी आपापला वाटा उचलतात. दुबळं, म्हातारं किंवा जखमी झाडच बहुधा जास्त सोसतं.

पण असाच एखादा किडा अनोळखी झाडापुढे जाऊन उभा राहिला तर?

असं अमेरिकेत खरंच घडलंय. तिथे ॲश नावाचं उंच, देखणं झाड रस्तोरस्ती असे. मोगरा, जाई, जुई आणि पारिजातक ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे झाड. 2002 साली मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहराजवळ, मरणाऱ्या ॲशच्या सालीखाली एक पाचूसारखा हिरवा भुंगा सापडला. लांबी जेमतेम सव्वा सेंटिमीटर. बाभळीच्या पाल्यावर दिसणारा आपला चमकदार सोनकिडा याच्याच घराण्यातला. हा पाचू भुंगा मूळचा चीन, कोरिया आणि रशियाच्या पूर्व टोकाकडचा. तिथले ॲश त्याला ओळखून आहेत, त्याच्याशी झुंजतात. अमेरिकेतल्या ॲशने मात्र तो कधी पाहिलाच नव्हता. तो बहुधा जहाजातल्या सामानाच्या लाकडी खोक्यांमधून आला असावा, आणि सापडण्याच्या कितीतरी वर्षं आधी आला असावा. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी वाटा कोरतात आणि झाड तीन-चार वर्षांत वाळून जातं. आजवर अशी कोट्यवधी झाडं गेली. मला हे वाचून फार वाईट वाटतं. झाडाचा दोष काय होता?

माणसं मात्र हात बांधून बसली नाहीत. निवडक झाडांच्या खोडात सुईने औषध देतात, दोन-तीन वर्षांनी पुन्हा देतात. भुंग्याच्या मूळ गावी जाऊन शास्त्रज्ञांनी त्याचे शत्रूही शोधले. त्यातली एक गांधीलमाशीच्या जातीची माशी फक्त एक मिलिमीटरची! ती भुंग्याच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते आणि भुंगा जन्मण्याआधीच संपतो. नीट तपासून अशा माश्या 2007 पासून तिथल्या रानात सोडल्या जातात.

अमेरिकेतच राहणारी आणखी एक गांधीलमाशी तर चक्क हेर आहे. ती खेळाच्या मैदानातल्या वाळूत बीळ करते आणि पिल्लांसाठी चमकदार भुंगे पकडून आणते. माणसं बिळाशी बसून ती काय आणते ते बघतात. पाचू भुंगा आणला, की समजायचं, शत्रू या गावात पोचलाय.

आणि आपली भिरूड? तीही परदेशी गेली आहे. इस्रायल, लेबनॉनकडे पोचून तिने तिथल्या अंजिरांना छळलं. भोरशेजारच्या पुरंदरची अंजिरं तुम्हाला माहीत आहेतच, त्यांनाही ती सोडत नाही.

लाकडाबरोबर किडा परदेशी जाऊ नये म्हणून 2002 सालीच जगातल्या देशांनी एक नियम ठरवला. परदेशी जाणारं लाकडी खोकं असं तापवायचं, की लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला पोचेल आणि निदान 30 मिनिटं तसंच राहील. मग त्यावर गव्हाच्या लोंबीच्या चित्राचा शिक्का मारतात. शिरवळच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकवर किंवा मोठं यंत्र आलेल्या एखाद्या दुकानामागे लाकडी खोकी दिसली, तर ती लोंबी शोधा. शेजारी देशाची दोन अक्षरंही असतात, त्यावरून ते लाकूड कुठे तापवलं ते कळतं. आपल्या गावासाठी शिक्का नाही, पण काम तेच आहे. भिरूड लागून वाळलेली फांदी तोडली, तर ती सरपण म्हणून दुसऱ्या वाडीला देऊ नका. पावसाआधी, आतला भुंगा उडण्यापूर्वी, तिथल्या तिथे चुलीत घाला.