उशी आणि उशीर

मोटारीच्या स्टिअरिंगच्या मधोमध, हॉर्नच्या झाकणाखाली, नायलॉनची एक पिशवी घडी घालून ठेवलेली असते. बहुतेकांना ती आयुष्यात कधी दिसत नाही, आणि दिसू नये अशीच आपली इच्छा असते. तिला आपण एअरबॅग म्हणतो. आपत्तीच्या क्षणी चालकाच्या डोक्याखाली येणारी ही हवेची उशी. या उशीने जगभर असंख्य जीव वाचवले आहेत. १९८७ ते २०१७ या काळात एकट्या अमेरिकेत पुढच्या एअरबॅगांमुळे ५० हजारांहून अधिक माणसे वाचली, असा तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याचा अंदाज आहे. तेव्हा आज मी जे सांगणार आहे, ते ऐकून कोणी एअरबॅग काढून टाकू नये, ही विनंती आधीच करून ठेवतो.

ही उशी फुगते कशी, ते आधी पाहू. मोटार जोरात आदळली की संवेदक विजेचा इशारा देतो. पिशवीमागे धातूची एक बंद डबी असते, तिला इन्फ्लेटर म्हणतात. त्या डबीत रसायनाच्या वड्या असतात. इशारा मिळताच त्या पेट घेतात, त्यांचा वायू होतो आणि पिशवी भरते. हे सगळे पापणी लवण्याच्या आत घडते. म्हणजे ही उशी हवेने फुगत नाही, एका नियंत्रित स्फोटाने फुगते. सगळी मदार त्या ‘नियंत्रित’ या शब्दावर आहे.

जपानमध्ये ताकाता नावाची एक कंपनी होती. १९३०च्या दशकात कापड विणण्यापासून तिची सुरुवात झाली. पुढे ती मोटारींचे सुरक्षा पट्टे करू लागली आणि नंतर एअरबॅग. जगातल्या बहुतेक मोठ्या मोटार कंपन्या तिच्या गिऱ्हाईक होत्या. २०००च्या सुमारास ताकाताने आपल्या डब्यांत अमोनियम नायट्रेट वापरायला सुरुवात केली. शेतकऱ्यांना हे नाव नवे नाही, ते खतात असते. खाणींतल्या सुरुंगांतही असते. ते स्वस्त होते. पण त्याचा एक स्वभाव आहे. ते हवेतला ओलावा शोषून घेते आणि तापमान वर-खाली होत राहिले की त्याच्या स्फटिकांची रचना बदलते. कंपनीने त्यावर उपाय योजला होता, पण तो पुरेसा ठरला नाही.

दिवसा उन्हात तापलेली मोटार रात्री गार होते. असे वर्षानुवर्षे चालते. डबीत थोडा थोडा दमटपणा शिरतो. आतली वडी हळूहळू भुसभुशीत होते. घट्ट लाकूड सावकाश जळते आणि भुसा भडकन पेटतो, तसेच इथे होते. अपघाताच्या वेळी ती वडी हवी त्यापेक्षा फार वेगाने जळते, दाब वाढतो आणि पिशवी फुगवण्याऐवजी धातूची डबीच फुटते. तिचे तुकडे चालकाच्या मानेवर, चेहऱ्यावर येतात. काही अपघातांत तर पोलिसांना प्रथम वाटले, की या माणसावर कोणी चाकूने वार केले आहेत.

पहिली खूण २००४ मध्ये मिळाली. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एका होंडा मोटारीतली एअरबॅग अशीच फुटली आणि चालक जखमी झाला. हा अपवाद आहे असे समजून प्रकरण मिटवले गेले. नोव्हेंबर २००८ मध्ये होंडाने दुरुस्तीसाठी मोटारी परत बोलावल्या, त्या फक्त चार हजारांच्या आसपास. मे २००९ मध्ये ओक्लाहोमा राज्यात १८ वर्षांच्या एका मुलीची मोटार पार्किंगच्या जागेत दुसऱ्या गाडीला धडकली. धडक किरकोळ होती. एअरबॅग फुटली आणि धातूच्या तुकड्याने तिचा जीव घेतला. तिची मोटार २००८च्या यादीत नव्हती. ती ज्या यादीत आली, ती यादी तिच्या मृत्यूनंतर निघाली.

त्यानंतर यादी वाढतच गेली. मे २०१५ मध्ये ताकाताने दोष मान्य केला, तेव्हा अमेरिकेतला आकडा सुमारे ३ कोटी ४० लाख मोटारींवर गेला. पुढे तो चार कोटींच्या पलीकडे पोचला. जगभर मिळून सुमारे १० कोटी इन्फ्लेटर बदलण्याची वेळ आली. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेत फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. चाचण्यांचे खोटे अहवाल ती अनेक वर्षे मोटार कंपन्यांना देत होती. १०० कोटी डॉलर देण्याचे तिने मान्य केले आणि त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेत या डब्यांनी २८ जणांचे प्राण घेतल्याची नोंद आहे. मलेशिया, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स इथेही माणसे गेली.

दोष सापडला, तो जाहीर झाला, दुरुस्ती फुकट आहे. मग एवढा उशीर का झाला? पहिले कारण साधे आहे. इतक्या कोट्यवधी डब्या आणायच्या कुठून? सुटे भागच नव्हते. लोक शोरूममध्ये जात आणि ‘भाग आले की कळवू’ असे ऐकून त्याच मोटारीतून घरी परतत. मग जिथे हवा गरम आणि दमट, तिथल्या जुन्या गाड्यांना आधी पाळी, असा क्रम ठरला. त्यातही काही मोटारींत बदलून बसवलेली डबी त्याच रसायनाची होती. म्हणजे तीही पुढे पुन्हा बदलायची.

दुसरे कारण मला अधिक अस्वस्थ करते. पत्र पोचत नाही. कंपनीच्या दप्तरात पहिल्या मालकाचे नाव असते. मोटार दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे जाते आणि जसजशी जुनी होते, तसतशी कमी पैसेवाल्याच्या दारात उभी राहते. डबी जुनी, म्हणून धोका जास्त, आणि पत्ता जुना, म्हणून पत्र हरवलेले. मार्च २०१६ मध्ये टेक्सास राज्यात १७ वर्षांची एक मुलगी २००२ सालच्या मोटारीत अशीच गेली. कंपनी म्हणाली, आम्ही अनेकदा सूचना पाठवल्या. घरचे म्हणाले, आम्हाला एकही मिळाली नाही. कदाचित दोघेही खरे बोलत असतील. अमेरिकेत दुरुस्ती बाकी असलेली मोटार मोठ्या कंपन्यांना भाड्याने देता येत नाही, असा कायदा २०१६ पासून आहे. पण तशीच जुनी मोटार विकायला देशपातळीवरच्या कायद्याची आडकाठी नाही. याउलट ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये सक्ती केली आणि २०२० अखेरची मुदत घालून दिली. मुदत असली की काम होते, हे तिथे दिसले.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या देशातही या डब्यांमुळे मोटारी परत बोलावल्या गेल्या. जानेवारी २०१७ मध्ये होंडाने २०१२ साली बनलेल्या ४१ हजारांहून अधिक मोटारी बोलावल्या, पुढच्या वर्षी आणखी २२ हजारांहून अधिक. टोयोटानेही काही हजार मोटारी बोलावल्या. तेव्हा हे सारे कंपन्यांच्या मर्जीवर होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, आणि एप्रिल २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पण कायदा झाला, तरी पत्र घराघरात नेणारा पोस्टमन कायद्यात नसतो.

माझ्या भाच्याने कोकणात एक जुनी मोटार घेतली. तिसरा मालक. कोकणची हवा म्हणजे मीठ आणि घाम. मी त्याला विचारले, “हिच्या रिकॉलचे काही बघितलेस का?” तो हसला. “मामू, गाडी गुळगुळीत चालते. एसी गार आहे. अजून काय बघायचे?” टायर त्याने चारचारदा तपासले होते. मग त्याच्या आरसी बुकावरचा चासी नंबर आम्ही कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला. उत्तर आले, एअरबॅगची दुरुस्ती बाकी. ती सूचना निघून बरीच वर्षे झाली होती आणि पहिल्या मालकाच्या मुंबईच्या पत्त्यावर गेली असणार. सेवा केंद्रात फोन केला, तर दोन आठवडे थांबा म्हणाले. त्या दोन आठवड्यांत गाडी दारात उभी राहिली. भाचा कुरकुरला, पण एसटीने गेला. डबी बदलायला तासभर लागला. पैसा एक लागला नाही.

म्हणून एवढेच सांगायचे. तुमच्याकडे मोटार असेल, विशेषतः जुनी घेतलेली असेल, तर आरसी बुकावरचा सतरा अक्षरी-अंकी चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा. ते जमत नसेल, तर अधिकृत सेवा केंद्रात फोन करा. घरातल्या शाळकरी मुलाला सांगितले, तर तो पाच मिनिटांत बघून देईल. दुरुस्ती बाकी निघाली, तर तारीख लेखी मागा. गाडी चालवू नका असे सांगितले असेल, तर खरोखर चालवू नका. एअरबॅगची वायर परस्पर कोणाकडून तोडून घेऊ नका. पट्टा बांधा आणि स्टिअरिंगपासून वीतभर तरी दूर बसा. गाडी विकायची असेल, तर घेणाऱ्याला स्वतःहून सांगा, आणि नवा पत्ता कंपनीला कळवा.

आपण सारे कधी ना कधी चुकीच्या पत्त्यावरचे पत्र घरी आले की ते टपालपेटीवर तसेच ठेवून देतो. पुढच्या वेळी तसे एखादे पाकीट मोटार कंपनीचे असले, तर गाडी ज्याला विकली, त्याला एक फोन करा. त्या पाकिटात कदाचित त्याच्या मुलीचा जीव असेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)