आप्पांची गाडीवाट

आमच्या घरात सायकलीवरून दोन पक्ष पडले आहेत. एक माझ्या मुलाचा आणि दुसरा आमच्या आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. मुलगा यंदा अकरावीत गेला. त्याने दोन वर्षे साठवलेले पैसे, त्यात माझी भर, त्यात त्याच्या मामाची भर, अशी सगळी पुंजी एकत्र करून 'ग्रॅव्हल' जातीची सायकल घेतली. ग्रॅव्हल म्हणजे साधी खडी. खडी-मुरमाच्या कच्च्या रस्त्यांवरून लांब पल्ल्याचा प्रवास करायला ही सायकल काढली आहे. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, पण टायर मात्र चांगले जाडजूड.

आप्पांनी सायकलीभोवती एक फेरी घातली, टायरला अंगठा लावून पाहिला आणि विचारले, "रुंदी किती रे?"

"चाळीस मिलिमीटर, आजोबा. हल्ली हीच चालते."

आप्पा काही न बोलता गॅलरीत गेले. तिथे त्यांची हिरवी सायकल गेली एकोणीस वर्षे भिंतीला टेकून उभी आहे. तिच्या टायरवर धुळीखाली 28 × 1½ असा आकडा आहे. चिरंजीवांनी हिशेब करून पाहिला. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर! आमच्याकडच्या दूधवाल्यांनी, पोस्टमननी आणि कारखान्यातल्या कामगारांनी जन्मभर ज्या रुंदीच्या टायरवर खडी तुडवली, तीच रुंदी आता दूरदेशी जाऊन नवे नाव घेऊन आली होती. आप्पा त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले.

खरे म्हणजे या प्रकारची सायकलस्वारी दक्षिण युरोपात चांगली रुळली आहे. इटलीतल्या टस्कनी प्रांतात द्राक्षमळ्यांतून आणि सुरूच्या रांगांतून पांढऱ्या खडीचे जुने रस्ते गेले आहेत. त्यांना तिकडे 'स्त्रादे बियांके', म्हणजे पांढरे रस्ते, असेच म्हणतात. त्यांच्यावर डांबर पडू लागले तेव्हा काही लोकांना हळहळ वाटली. मग 1997 साली गायोले नावाच्या लहानशा गावी 'लेरोइका' नावाची सायकलस्वारी सुरू झाली. जुन्या बांधणीच्या सायकली, लोकरीचे सदरे आणि पांढरे रस्ते. पहिल्या वर्षी शंभरसुद्धा माणसे नव्हती. पुढे हजारो येऊ लागली आणि 2007 पासून त्याच रस्त्यांवर नामांकित व्यावसायिक सायकलपटूंची शर्यतही होऊ लागली. त्या रस्त्यांचे मोल गावाला कळले आणि ते टिकले. स्पेनमध्ये आणखी वेगळी तऱ्हा. तिथे बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून, त्या वाटांवर पादचाऱ्यांना आणि सायकलींना मोकळीक देण्याचा उपक्रम 1993 पासून चालू आहे, आणि अशा 'हिरव्या वाटा' आज तीन हजार किलोमीटरांहून अधिक झाल्या आहेत. ऑलिव्हच्या बागांतून जा, बोगद्यांतून जा. मोटारीचा भोंगा म्हणून कानी पडायचा नाही.

हे सगळे माझ्या मुलाने मला संगणकावर दाखवले. मी कौतुकाने पाहत होते, तेवढ्यात पाठीमागून आप्पा म्हणाले, "अगं, अशी वाट आपल्याकडे होती. मी तिच्यावरून कामावर जात असे."

आप्पा 1969 साली पिंपरीच्या एका कारखान्यात लागले. आमचे गाव खेड तालुक्यात, भामचंद्राच्या डोंगराच्या बाजूला. गावाचे नाव मात्र लिहीत नाही, त्याचे कारण पुढे कळेल. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 साली पिंपरीत उभा राहिला आणि त्यामागून एकेक भोंगे वाजू लागले, तेव्हा मावळ-खेडमधली तरुण मुले सायकलीवरून निघाली. आप्पांचा पल्ला एका वेळेला वीस-बावीस किलोमीटरांचा. पहिल्या पाळीला पहाटे साडेचारला निघायचे. पाणंदीतून देहूपर्यंत, तिथून निगडीवरून पिंपरी. कॅरिअरला डबा, दांड्याला पंप, आणि पुढे डायनमोचा दिवा, जो चढावर मंद आणि उतारावर प्रखर होई. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये असा बसे की चाकच फिरेना. मग ते चार महिने चिंचवडला एका नातलगाकडे काढत.

पाणंद हा शब्द शहरातल्या मुलांना समजावून सांगावा लागतो. दोन्ही बाजूंना बांध, बांधावर निवडुंग, करवंद, बाभळी, आणि मधून बैलगाडी जाईल एवढी वाट. कुणा एकाच्या मालकीची नाही आणि प्रत्येकाच्या उपयोगाची. गावच्या नकाशात ती दुहेरी तुटक रेषेने दाखवतात. एकेरी तुटक रेषा असेल तर ती पायवाट. हे नकाशे आता घरबसल्या संगणकावर पाहायला मिळतात. आमच्या मुलाने गावाचा नकाशा काढला आणि आप्पांनी भिंग लावून बोट ठेवले. "ही बघ. इथे विहीर. इथे मोठी बाभूळ. इथे मी तीनदा पडलो."

मग ठरले की, दसऱ्याच्या आधीच्या रविवारी आप्पांची वाट उलट बाजूने धुंडाळायची. मुलगा नव्या सायकलीवर आणि मी एका सहकारी प्राध्यापिकेकडून मागून आणलेल्या साध्या सायकलीवर. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी हे साहस म्हणावे की वेडेपणा, हे तुम्हीच ठरवा.

पहाटे साडेपाचला निगडी सोडली. इंद्रायणी ओलांडून येलवाडीच्या बाजूला लागलो तेव्हा उजाडत होते. देऊळ, नदी, मागे भंडाऱ्याचा डोंगर, आणि नदीवर धुके. इथपर्यंत डांबर होते. मग मुलगा डावीकडे एका बोळकांडीत शिरला, आणि वाचकहो, पंधरा मिनिटांपूर्वी ज्या गोंगाटातून आम्ही आलो तो जणू कुणी दार लोटून बंद केला. चाकाखाली मुरमाचा बारीक करकर आवाज, बांधावर तरवडाची पिवळी फुले, आणि मध्येच उडून जाणारा तित्तिरांचा थवा. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की खडीचे धक्के टायर गिळतो, हे शास्त्र मला त्या दिवशी अंगाने कळले. कारण माझ्या सायकलीत हवा ठासून भरलेली होती.

या पट्ट्याचा एक गुण मी आजवर ध्यानात घेतला नव्हता. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचा नुसता कहर असतो, आणि पूर्वेकडे सरकावे तसा तो भराभर कमी होतो. त्यामुळे वीस-पंचवीस किलोमीटरांच्या अंतरात पीक बदलते. मावळाच्या बाजूला भाताची खाचरे, वडगावच्या संशोधन केंद्राने दिलेल्या इंद्रायणी भाताचा वास; चाकणच्या बाजूला बाजरी आणि कांदा. मोटारीतून जाताना हे दिसत नाही. सायकलीवर ते आधी नाकाला कळते.

पण हे सुख सलग नव्हे. तळेगाव-चाकण रस्ता ओलांडायला आम्हाला बारा मिनिटे लागली. मुलाने घड्याळ लावले होते. कंटेनरमागून कंटेनर, त्यांतून अंग चोरून जाणारे कामगार, काही सायकलींवर, बरेच दुचाकींवर. ज्या चाकणच्या भुईकोटात फिरंगोजी नरसाळ्यांनी 1660 साली शायिस्तेखानाची फौज जवळजवळ दोन महिने थोपवून धरली, त्या चाकणमध्ये आज चौकात वाहतूकच वाहतुकीला थोपवून धरते! 2009 साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने इथे सुरू झाले, आणखी पुष्कळ आले. हातांना काम मिळाले, हे मी नाकारणार नाही. माझे शिक्षणही एका कारखान्याच्या पगारावर झाले. मात्र कामावर जाणाऱ्या माणसाने हातभर अंतरावरून जाणाऱ्या ट्रकच्या चाकाकडे पाहत जावे, आणि शेजारून जाणारी गाडीवाट बुजलेली असावी, हे गणित मला सुटत नाही.

रस्त्यापलीकडे पुन्हा पाणंद लागली. आप्पांची विहीर सापडली. बाभूळही सापडली. फोटो पाठवला तर आप्पांचा लगेच फोन, "पुढे उतार आहे, ब्रेक दाबून धर!"

उतार होता, पण त्याच्या तळाशी वाट संपली होती. सिमेंटचे खांब, तारेचे कुंपण आणि प्लॉट विक्रीचा फलक. नकाशातली दुहेरी रेषा सरळ त्या कुंपणातून पलीकडे जात होती. पलीकडे एक शेतकरी आणि त्याची बायको डोक्यावर बाजरीची पोती घेऊन बांधावरून कसरत करत येत होती. त्यांनी पोती टेकवली आणि पहिला प्रश्न केला, "बाई, तुम्ही प्लॉट बघायला आलात का?"

नाही म्हटल्यावर त्यांनी पाणी दिले आणि सगळे सांगितले. कुंपण जूनमध्ये पडले. पलीकडे चार जणांची शेते. ट्रॅक्टर जात नाही, बैलगाडी जात नाही. एकाने तर शेत विकायचे मनात आणले आहे, आणि कुंपणवाल्याला तेच हवे असेल. वहिवाटीच्या रस्त्यात अडथळा आला तर तो काढून मिळावा म्हणून तहसीलदाराकडे दावा करता येतो. मामलेदार न्यायालयांचा कायदा 1906 सालचा आहे आणि अजून चालतो. पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. हे त्यांना कुणीसे उशिरा सांगितले होते. दावा आता दाखल झाला होता, पण समोरचा म्हणत होता की इथे वाट कधी नव्हतीच. नकाशातली रेषा जुनी आहे, वापर नाही.

"वापर होता असं सांगणारं जुनं माणूस पाहिजे," तो शेतकरी म्हणाला. "आमच्यातली जाणती माणसं गेली सगळी."

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी फोन लावला.

आप्पांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "किती वर्षांचा वापर सांगायचा आहे? माझा सदतीस वर्षांचा आहे." आणि हे नुसते बोलणे नव्हते. घरी आलो तेव्हा त्यांनी पलंगाखालची ट्रंक काढून ठेवली होती. त्यांत कारखान्याचे ओळखपत्र, गावचा पत्ता असलेली पगाराची चिठ्ठी, आणि 1974 साली त्याच उताराखाली सायकलीसह काढलेला एक फोटो. फोटोत मागे ती बाभूळ आहे. तेव्हा ती आप्पांच्या खांद्याएवढी होती.

आप्पांचा जबाब झाला. स्थळपाहणीची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे आणि आप्पांनी त्या वेळी तिथे हजर राहायचे आहे. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांना तिथवर न्यायचे कसे, यावर घरात बराच खल झाला. मोटार विहिरीपर्यंत जाईल, पुढे नाही. आणि गुडघ्यांमुळे उतार चालवणार नाही. नातू म्हणाला, मी डबलसीट नेतो. पण त्याच्या एवढ्या महागाच्या सायकलीला कॅरिअरच नाही.

तेव्हा परवा गॅलरीतली हिरवी सायकल खाली उतरवली. चेन रॉकेलमध्ये बुडवून ठेवली आहे, ब्रेकची रबरे बदलली आहेत. आजोबा मोड्यावर बसून सूचना देतात आणि नातू पाना फिरवतो. टायर मात्र दोन्ही चिरले आहेत. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने अठ्ठावीसचे दीड इंची शनिवारपर्यंत मागवून देतो म्हणून सांगितले आहे.